अकरा मान्यवर, पाच कार्डं

३ डिसें., मंगळ.

काशीमीऱ्याला बसमधून उतरून गॅरेजांच्या मागून वर पाड्यावर. आज नऊ घरं झाली. सिकलसेलची तपासणी, प्रत्येक दारात आधी माझं बोट, मग त्यांचं. ही अट पाड्यावरच्या लाडकीने घातली होती, पाच महिन्यांपूर्वी, पहिल्याच मंगळवारी. "तुझं रगत पयलं काढ, मंग आमचं." काढलं. तेव्हापासून तीच रीत पडली. डाव्या हाताला आता सुई टोचायला जागा नाही, लिंबू पिळताना चुरचुरतं. सुधीर म्हणतो, "संस्था तुला मानधन देते की तुझं रक्त पिते?" निवृत्त झाल्यापासून नवऱ्याला विनोद सुचतात.

जयवंती बरोबर नसती तर एकही दार उघडलं नसतं. ती पाड्यावरचीच, वारली, आशा वर्कर. मी तिला जयू म्हणते, ती मला बाय.

लाडकीच्या घरचे रिपोर्ट आज सांगितले. धाकटी रंजना, नऊ वर्षांची. थंडी पडली की हातपाय धरून रडायची, अंगारे-धुपारे सगळं झालं होतं. ते सिकलसेलच निघालं. थोरली वैशाली ठणठणीत, पण वाहक. तिला बाजूला घेऊन समजावलं. तुला काही होणार नाही. फक्त नवराही वाहक निघाला, तर एखादं मूल रंजनासारखं होऊ शकतं. होळीनंतर लग्न आहे तिचं. मुलगा पलीकडच्या पाड्यावरचा, संदीप, हायवेच्या हॉटेलात तंदूरवर असतो. "त्याचंही बोट घेऊ, गुपचूप," म्हटलं.

"मीच सांगीन त्याला, माझ्या येळेला. तू कोनाला सांगशील नाय ना, बाय?"

"माझ्या तोंडून कुणाला कळणार नाही."

मग गुळाचा काळा चहा झाला. बस चुकली.

१० डिसें., मंगळ.

पाड्याचा वार, पण नानांनी मीटिंग लावली. नाना म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष. 'आदिवासी आरोग्य समन्वय मंच', अकरा भागीदार. आरोग्य केंद्र, एक मोठं हॉस्पिटल, लॅब, दोन क्लब, हॉटेलवाल्यांची संघटना, भाईंदर वेस्टचं महिला मंडळ, कॉलेज, ट्रस्ट, आम्ही, आणि हॉलवाले शेट. दोन तास चर्चा. त्यातला दीड तास बॅनरवर कुणाचं चिन्ह कुणाच्या शेजारी. पाड्यावरचं कुणीच नव्हतं. मी जयूला बोलवा म्हटलं होतं. नाना म्हणाले, "पुढच्या टप्प्यात घेऊ."

उगाच खोटं नको लिहायला. लॅब तपासण्या फुकट करते. हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी रंजनाला रोजची गोळी चालू केली आणि आठवड्यात पोरीचा चेहरा उजळला. मी एकटी सुई घेऊन फिरले असते तर बोटांना भोकं पडण्यापलीकडे काही झालं नसतं. म्हणून तोंड मिटून लाडू खाल्ला. मंडळाच्या बायकांनी केले होते, डिंकाचे. चांगले होते.

२२ डिसें., रवि.

कार्डं छापून आली. पांढरं म्हणजे काही नाही, निळं म्हणजे वाहक, लाल म्हणजे आजार. वहीएवढी मोठी. वर नाव, खाली ठळक अक्षरात निकाल, मागे अकरा चिन्हं. मी खिशात मावेल असं कार्ड सांगितलं होतं. खिशातल्या कार्डावर अकरा चिन्हं कशी मावणार.

नानांना कार्डं कार्यक्रमात वाटायचीत. मी म्हटलं, घरोघरी द्यायची, पाकिटात. वाद झाला.

"अहो, मान्यवर येणार आणि त्यांच्या हस्ते काहीच नाही?"

"शाळेची दप्तरं वाटा."

"दप्तरं सगळेच वाटतात."

शेवटी तोडगा. प्रातिनिधिक स्वरूपात पाच कार्डं मंचावरून, पाचही पांढरी, बाकी मी घरी नेऊन देईन. कार्यक्रमपत्रिका मीच लिहिली. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, शाल-श्रीफळ, मान्यवरांच्या हस्ते प्रातिनिधिक कार्डवाटप, आभार. सूत्रसंचालन अर्थात मी. 'हस्ते' हा शब्द लिहिताना हात जराही अडखळला नाही. आयुष्यभर हेच लिहीत आलोय आपण.

५ जाने., रवि.

कार्यक्रम झाला. हॉल भरला होता. पाड्यावरून दोन बस भरून लोक, जेवण चांगलं. थोडी गडबड झाली. पाचाच्या ऐवजी जास्त कार्डं मंचावर गेली. त्यात एक वैशालीचं.

डोकं दुखतंय. उद्या लिहीन.

६ जाने., सोम.

झालं असं. मंचावर अकरा मान्यवर, कार्डं पाच. पाच जणांच्या हस्ते वाटून झाली आणि उरलेले सहा जण हात मांडीवर ठेवून बसलेले. हॉलवाले शेट तर फुगलेच होते, हॉल त्यांचा, जेवण त्यांचं. नानांनी खुर्चीतूनच मला बोटं दाखवली. सहा. कॉलेजची एक मुलगी खोकाच घेऊन आली. वरची पाच पांढरी मी निवडून ठेवली होती, त्याखालचा गठ्ठा छापखान्यातून आला तसाच, मिसळलेला. त्यातून सहा गेली. पाच पांढरी, एक निळं निघालं.

वैशाली मागच्या रांगेत होती. साखरपुड्याची जांभळी साडी नेसलेली. नाव ऐकून हसतच वर आली, तिला बक्षीस वाटलं. शेटनी कार्ड दिलं. फोटोग्राफर म्हणाला, "कार्ड समोर धरा." तिने छातीशी धरलं, अक्षरं समोर. टाळ्या.

खाली उतरताना तिने ते वाचलं. मी पाहत होते. मग आभार मानायला उठले.

८ जाने., बुध.

मंचाच्या ग्रुपवर दोनशे फोटो. त्यातला शेट आणि वैशालीचा सगळ्यात जास्त फिरला. तिचा चेहरा चांगला येतो म्हणून. मंडळाच्या बाईंनी हात जोडलेली तीन चित्रं टाकली. मी लिहिलं, हा फोटो कृपया काढावा, रुग्णाची माहिती आहे. नानांचा फोन. "ग्रुपवर नका हो असं लिहू. शेटना वाईट वाटेल. आणि ती रुग्ण नाहीये ना? वाहक आहे. तुम्हीच तर सांगता."

मी सांगते खरी.

१० जाने., शुक्र.

काशीमीरा नाक्यावर फ्लेक्स. बसच्या खिडकीतून दिसला. 'एकत्र आलो, आरोग्य आणलं'. मध्ये शेट, शेजारी वैशाली, कार्डावरचा निकाल सिग्नलला उभ्या ट्रकवाल्यालाही वाचता यावा एवढा. अकरा चिन्हं खाली माळेसारखी.

पुढच्या स्टॉपला उतरून परत चालत गेले. खाली उभी राहून बघितलं आणि घरी आले. काय केलं असतं? शिडी नव्हती, आणि असती तरी या वयात.

१४ जाने., मंगळ. संक्रांत

डबाभर तिळगूळ घेऊन पाड्यावर गेले. शहाणपण बघा माझं.

पहिल्या घरी कडी आतून. दुसऱ्या घरची म्हातारी म्हणाली, "आज नको." तिसऱ्या घरातून पोरांना आत ओढलं. जयू चिंचेखाली थांबली होती, बरोबर आली नाही. तिने सांगितलं ते असं. संदीपची मावशी हॉटेलात भांडी घासते. तिने नाक्यावर फ्लेक्स बघितला, कुणाकडून तरी वाचून घेतला. दुसऱ्या दिवशी चार माणसं लाडकीच्या दारात. "त्या घरात रोग हाय, म्हून तर कार्ड दिलाय." रंजनाचं दुखणं आठवलंच मग सगळ्यांना. लग्न मोडलं.

"मी म्हटलं त्यांना, तसा रोग नाय तो," जयू म्हणाली. "ते म्हनतात, रोग नाय तं कार्ड कशाला? मी काय सांगू, बाय? सहा महिने तुझ्यासंगं फिरले. मनाबी दारात घेत नाय आता."

लाडकीच्या घरी गेले. ती उंबऱ्यात बसली होती, उठली नाही, बस म्हणाली नाही. वैशाली कामाला गेलीये म्हणाली. आत बांगड्या वाजल्या.

तिळगूळ परत आणला. सुधीर खातोय.

१६ जाने., गुरु.

सहा तारखेचं वाचलं. 'त्यातून सहा गेली.' 'एक निळं निघालं.' गेली म्हणे, निघालं म्हणे. जशी काही पाय फुटले होते कार्डांना.

खरं लिही बाई, ही तुझीच वही आहे.

खोका माझ्या टेबलावर होता. प्रत्येक कार्ड आधी माझ्या हातात आलं, मी नाव वाचलं, मग पुढे दिलं. चौथं उचललं तेव्हा रंग दिसला. नाव दिसलं. शेट उठून उभे राहिले होते, जाकीट नीट करत होते. नाना माझ्याकडे बघत होते. ते कार्ड खाली ठेवून त्याखालचं उचललं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. दोन क्षणांचं काम. पण मी थांबले असते, माईकवर शांतता झाली असती, सूत्रसंचालन अडखळलं असतं. शाळेपासून बक्षिसं मिळवलीत मी सूत्रसंचालनाची, कधी अडखळत नाही. वाचलं. स्पष्ट आवाजात, 'कुमारी' लावून.

माझ्या तोंडून कुणाला कळणार नाही, असं सांगितलं होतं तिला. साऱ्या हॉलला माझ्याच तोंडून कळलं.

सुधीरला सांगितलं आज. तो पेपर खाली ठेवून म्हणाला, "झालं ते झालं, मुद्दाम नाही केलंस." मुद्दाम नाही कसं? रंग बघून वाचलं.

१९ जाने., रवि.

फ्लेक्स काढा म्हणून नानांच्या घरी जाऊन सांगितलं. उपमा दिला. म्हणाले, परवानगी महिन्याची आहे, शेटनी खर्च केलाय, आपोआप उतरेल. मग हळूच, "तुम्ही फार मनाला लावून घेता. त्या लोकांत लग्नं जुळतात-मोडतात हो. आपल्यासारखं नसतं."

आपल्यासारखं. घरी येताना तेच डोक्यात.

सुधीरच्या बहिणीच्या हातावर कोड आहे. आमच्या मुलीचं ठरत होतं तेव्हा पाहुण्यांसमोर वन्संना येऊ दिलं नाही, देवदर्शनाला गेल्यात म्हणून सांगितलं. लग्नात त्यांना पूर्ण बाह्यांचा ब्लाउज शिवून दिला. मे महिना होता, घामाने निथळत होत्या बिचाऱ्या. कापड मीच निवडलं होतं, मोरपंखी. मुलीच्या सासरी अजून माहीत नाही. कोड पसरत नाही, त्याने काही होत नाही, हे लॅबमध्ये तीस वर्षं काढलेल्या बाईला चांगलं ठाऊक होतं.

आणि मी पाड्यावर जाऊन सांगायची, यात लपवण्यासारखं काही नाही.

२१ जाने., मंगळ.

चिंचेखाली दोन तास बसले. कुणी आलं नाही. कोंबड्या आल्या.

जाताना जयू भेटली. रंजनाच्या गोळ्या संपल्यात. नवीन घ्यायला हॉस्पिटलात जायला हवं होतं, लाडकी जात नाही. हवा अजून गार आहे. दिवस मोजून मीच हॉस्पिटलातून गोळ्यांचं पाकीट आणलं होतं, ते जयूकडे द्यायला गेले. तिने हात मागे घेतला. "माझ्या हातून नको. मना हितंच रायचंय."

२३ जाने., गुरु.

सकाळी सहाला जयूचा फोन. रंजना रात्रभर ओरडतेय, ताप आहे, लाडकी हलवू देत नाही. "तिथं पन फोटो काडतील, बोलते." रिक्षाने पोचले. मी दारात दिसले तर बिघडेल म्हणून खाली गॅरेजजवळच थांबले. जयूने काय सांगितलं माहीत नाही. अर्ध्या तासाने वैशाली बहिणीला पाठीवर घेऊन उतरली, मागून लाडकी. माझ्यासमोरून गेल्या. मी केलेली रिक्षा सोडून दुसरी केली त्यांनी. मी माझ्या रिक्षातून त्यांच्या मागे.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरांना फोन करून ठेवला होता, त्यामुळे लगेच सलाईन, लगेच औषध. समन्वय. मी फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर दुपारपर्यंत. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "वेळेवर आणलं. गोळ्या का बंद झाल्या?"

कार्यक्रम झाला म्हणून, असं म्हणता आलं असतं. म्हटलं, "माझी चूक." त्यांना वाटलं मी नम्रपणाने बोलतेय.

२८ जाने., मंगळ.

रंजना घरी. चिंचेखाली बसले, गोळ्यांचं पाकीट मांडीवर. अकराच्या सुमाराला वैशाली आली. कामाच्या कपड्यांत, मीरा रोडला कॉम्प्लेक्समध्ये झाडलोट करते. पाकीट घेतलं. मोजून बघितलं. मग पाकीट छातीशी धरून सरळ उभी राहिली आणि म्हणाली, "फोटो काढायचा काय, मॅडम?"

टोमणा असता तर सोसला असता. आवाजात तसलं काही नव्हतं. खरंच विचारत होती. आमच्याकडून काही मिळालं की असं उभं राहायचं असतं, हे शिकली होती.

नाही म्हटलं. माफी मागितली. कार्डाचा रंग बघूनही वाचलं, हेही सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मना ठाव हाय. तू बघत होतीस ते मी बघितलं." कामाला उशीर होत होता, गेली.

घरी येऊन जेवण गेलं नाही. रडले, बराच वेळ. सुधीरने भांडी घासली.

१ फेब्रु., शनि.

मंचाला पुरस्कार. कुठल्याशा संस्थेचा, 'उत्कृष्ट समन्वय'. सगळ्यांच्या छायाचित्रासह. मार्चमध्ये सोहळा, दुसरा टप्पा त्याच दिवशी जाहीर, आणखी तीन पाडे. नाना म्हणाले, "सूत्रसंचालन तुम्हीच. तुमच्यासारखं कुणाला जमत नाही."

राजीनामा लिहिला. पर्समध्ये आहे. दिला तर लॅबवाले दुसऱ्या कुणाचं ऐकतील का, रंजनाची गोळी कोण नेईल, असं मनाला सांगतेय. हे कारण आहे की सबब, आज तरी मला कळत नाही.

नाक्यावरचा फ्लेक्स झाकला गेला. त्याच्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा लागला. आपोआपच झालं, नाना म्हणाले होते तसं.

११ फेब्रु., मंगळ.

चिंचेखाली. साडेदहाला वैशाली आली आणि मागे एक मुलगा, कोपरापर्यंत भाजल्याचे डाग. तंदूरवाला, ओळखलंच. दोघं एकमेकांपासून हातभर लांब उभे.

"आई नाय बोलते," संदीप म्हणाला. "मावशी बी. मी बोललो, पयले माझं बघू काय हाय ते. मंग बोलू." वैशालीकडे त्याने बघितलं नाही. "पन कोनाला कलायला नको. आईला कललं तं मना घरात घेयाची नाय."

वैशाली म्हणाली, "तुझं नसलं तं काय ते ठरव. असलं तं मी ठरवीन." एवढंच.

त्याने हात पुढे केला, मग मागे घेतला. "पयलं तुझं." त्यालाही माहीत होतं. उजव्या हाताचं बोट टोचलं, डावीकडे जागा नाही. मग त्याच्या दंडाला पट्टा बांधून नळीत रक्त घेतलं. बावीस वर्षांचा मुलगा, रोज आगीत हात घालतो, सुई बघून डोळे मिटले.

नळीवर चिठ्ठी लावायची. नावाशिवाय लॅब घेत नाही, नाव लिहिलं की यादीत जातं, यादी दर महिन्याला नानांच्या टेबलावर, तिथून अकरा ठिकाणी. आता ही वाट मला पाठ आहे. पेन हातात धरून बसले.

"काय लिहू?"

मग वैशाली म्हणाली, "तुझंच लिही."

खरं लिहायचं ठरवलंय म्हणून लिहिते. हात थांबला. निकाल वाहक आला तर यादीत माझं नाव, नाना वाचणार, मंडळाच्या बायका वाचणार, त्यातली एक मुलीच्या सासूची मैत्रीण. वहीत पानं भरभरून लिहिलं या सव्वा महिन्यात, आणि हात थांबला. वैशाली माझ्या हाताकडे बघत होती, कार्यक्रमात मी कार्डाकडे बघत होते तशी.

लिहिलं. पूर्ण नाव, आडनावासकट. वय अठ्ठावन्न.

नळी स्वतः लॅबमध्ये नेऊन दिली. टेबलावरच्या मुलीने चिठ्ठी वाचली, माझ्याकडे बघितलं आणि हसली. "मॅडम, तुम्ही पण?"

हो म्हटलं. रिपोर्ट पुढच्या मंगळवारी.